फॉसेटची हवेली-चित्रं : भिंगाखाली काय दिसतं आणि चौकटीत काय बिघडतं

पुढे हिरवळ, मागे फिकट होत जाणारं आकाश, मधोमध इंग्लिश हवेली आणि खाली तिचं नाव. अशी जी छोटी जुनी रंगीत चित्रं सुटी विकली जातात, त्यातली पुष्कळशी एकाच छापखान्यातून निघालेली आहेत. यॉर्कशरमधल्या ड्रिफील्ड गावचा बेंजामिन फॉसेट हा त्यांचा मुद्रक. चित्रकार अलेक्झांडर फ्रान्सिस लायडन, त्याच्याच हाताखाली तयार झालेला. मजकूर नन्बर्नहोमचे धर्मगुरू फ्रान्सिस ऑर्पेन मॉरिस यांचा. उमराव आणि जमीनदारांच्या हवेल्यांवरचं त्यांचं हे अनेक खंडांचं काम 1860 च्या दशकात सुरू झालं आणि 1880 पर्यंत चाललं. त्यात दोनशेहून जास्त रंगीत चित्रं आहेत. सुटं मिळणारं चित्र बहुधा कुठल्यातरी खंडातून कापून काढलेलं असतं. डाव्या कडेला शिवणीची भोकं किंवा खरबरीत काप दिसला तर तो दोष समजू नका, तो मूळपणाचा पुरावा आहे. मात्र अख्खा, धड खंड हाती आला तर तो फोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

फॉसेटचा रंग लाकडातून येतो. बॉक्सवूड हे अतिशय घट्ट लाकूड. त्याच्या आडव्या कापावर कोरलं की केसाएवढी रेघही टिकते. एका ठोकळ्यावर मुख्य रेखाटन आणि बाकी प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा. म्हणजे एकच कागद तितक्या वेळा यंत्राखालून जायचा, आणि दर वेळी नेमक्या त्याच जागी बसायला हवा. फॉसेटची खरी कमाल रंगांच्या ठोकळ्यांत आहे. त्यांवरही त्याने बारीक रेघा कोरल्या. त्यामुळे आकाश वरून खाली फिकट होत जातं आणि निळ्यावर पिवळा पडला की झाडीच्या दोन-तीन छटा निघतात.

दहापट भिंग घ्या आणि धुराड्याच्या कडेवर धरा. अस्सल ठशात तीन गोष्टी दिसतील. रंग रेघांनी भरलेला असेल. शाई दाबाने बाहेर सरकल्यामुळे रेघेच्या कडेला किंचित गडद किनार असेल. आणि कुठेतरी एखादा रंग कडेपासून जरासा सरकलेला असेल. हे सरकणं प्रत्येक प्रतीत निराळं असतं. थोडं असेल तर ठीक, पण खिडक्या पुसट दिसण्याइतकं असेल तर दुसरी प्रत शोधा.

भिंगाखाली चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं ओळीने मांडलेली दिसली, तर ती आजकालची ऑफसेट छपाई. कागद मुद्दाम पिवळा केलेला असला तरी ठिपके लपत नाहीत. गडद किनार नसलेले, विखुरलेले ठिपके असतील तर ते दगडावरून छापलेलं चित्र, म्हणजे लिथोग्राफ. आणि वाळूसारखा बारीक दाणा, वर हाताने दिलेला जलरंग असेल तर अ‍ॅक्वाटिंट. लंडनचे प्रकाशक अ‍ॅकरमन यांच्या 1809 ते 1829 च्या मासिकात हवेल्यांची अशी चित्रं येत. त्यात तांब्याचा पत्रा कागदात दाबला जातो, म्हणून कागदाची कड छाटलेली नसेल तर चित्राभोवती दबलेली चौकट बोटाला लागते. लाकडी ठशात ती नसते.

जास्त फसवणूक होते ती नंतर रंगवलेल्या चित्रांत. 1707 ची, निफने रेखाटलेली आणि किपने तांब्यावर कोरलेली हवेल्यांची विहंगम दृश्यं किंवा 1818 पासूनची नीलची हवेली-चित्रं बहुतेक काळ्या शाईतच विकली गेली. त्यांवर भडक हिरवा-गुलाबी दिसला तर तपकिरी डाग शोधा. जुन्या रंगातून डाग वर आलेला असतो. नवा रंग डागावरून फिरलेला असतो.

आता जपणुकीचं. सर्वांत जास्त नुकसान फ्रेमवाल्याकडे होतं. चित्राभोवती मधे खिडकी कापलेला पुठ्ठा बसवतात, तो माउंट. साध्या पुठ्ठ्याच्या माउंटमधलं आम्ल कागदात उतरतं आणि त्या खिडकीच्या कडेने चित्रावर तपकिरी पट्टा उमटतो. तो घरी जात नाही. माउंट आणि मागचा बोर्ड दोन्ही शंभर टक्के कापसाचे मागा. हार्डबोर्ड कागदाला थेट टेकू देऊ नका. चित्र डिंकाने किंवा चिकटपट्टीने चिकटवू नका, आणि गरम दाबाने बोर्डावर तर मुळीच नको.

वरच्या कडेला जपानी कागदाच्या फक्त दोन बिजागऱ्या, म्हणजे चित्र मागच्या बोर्डाला धरून ठेवणाऱ्या छोट्या पट्ट्या, खळीने लावा. चारही कडा चिकटवल्या तर पावसाळ्यात फुगलेल्या कागदाला पसरायला जागा मिळत नाही आणि तो लाटांसारखा उठतो. खळ गव्हाच्या शुद्ध स्टार्चची हवी. एक भाग स्टार्च, चार भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं. गार झाल्यावर गाळून घ्या. कुरडयांचा चीक शिजवणाऱ्यांना हा अंदाज लगेच येईल, पण तोच चीक वापरू नका. गहू भिजून आंबल्यामुळे तो आंबट झालेला असतो.

काच चित्राला टेकू नये, माउंटच्या जाडीने किमान 3 मिमी पोकळी ठेवा. मुंबई-कोकणात चौकट बाहेरच्या भिंतीवर लावू नका. भिंत पाझरते आणि हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते. चौकटीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले तर मागून हवा खेळते. कसर लागते ती खळीच्या वासाने, म्हणून मागची बाजू कागदी पट्टीने पूर्ण बंद करा. उजेड 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आसपास पुरे. वर्षातून तीन-चार महिने लावून बाकी काळ चित्र फाइलमध्ये ठेवलं तर निळा टिकतो.

डाग घालवायला घरी पाण्यात बुडवू नका. फॉसेटच्या चित्रांवर काही ठिकाणी हाताने रंगाचा हात फिरवलेला असू शकतो आणि तोच आधी सुटतो. ब्लीच तर कागदच खातं.

आणि चौकटीत बसवण्यासाठी खालचा समास कापू देऊ नका. हवेलीचं नाव तिथेच असतं. नॉटिंगहॅमशरमधली क्लंबर हवेली 1938 मध्ये पाडली गेली. नावाची ओळ गेली, तर चित्र नेऊन ताडून बघायला तिथे आता इमारत उभी नाही.