लादीतले आटे

अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या प्रयोगशाळेत एरवी बोल्ट, साखळ्या आणि वेल्डिंगचे नमुने ताणून तोडले जातात. त्यामुळे हिमाचलमधील गोठलेल्या धबधब्यांवर चढाईसाठी निघालेल्या नाशिकच्या काही गिर्यारोहकांनी आइस स्क्रूची, म्हणजे आधारासाठी बर्फात फिरवून बसवायच्या आटेदार पोकळ नळीची, पकड तपासून मागितली, तेव्हा पहिला प्रश्न बर्फाचाच होता. बर्फ अर्थातच कारखान्यातून लादीच्या रूपाने आला. साच्यात पाणी बाहेरून आत गोठत जाते आणि त्यातली हवा मध्याकडे लोटली जाते, म्हणून लादीचा गाभा पांढरा व बुडबुड्यांचा राहतो. स्क्रूच्या पोकळ नळीतून बाहेर पडणारी पारदर्शक कांडी दुधी होऊ लागली की टोक तिथे पोहोचल्याचे कळत असे. म्हणून आखूड स्क्रूच निवडले. ईएन 568 या युरोपीय मानकानुसार स्क्रूने किमान 10 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे एक टन वजनाइतका भार पेलायला हवा.

खरा वाद स्क्रू कोणत्या कोनात बसवायचा यावरून झाला. “साहेब, तंबूची खुंटी आपण ओढीच्या उलट कलवूनच ठोकतो ना?” असे म्हणत गिर्यारोहकांतील ज्येष्ठ काकांनी स्क्रूचे टोक हँगरपेक्षा, म्हणजे बाहेर राहणाऱ्या, दोर अडकवायच्या पट्टीपेक्षा, खाली जाईल असाच कल धरला. मशीनने ओढ घेताच हँगरखालच्या बर्फाची कड चुरडली, पुढे आलेल्या नळीला तरफेसारखा वाव मिळाला आणि स्क्रू वाकत वाकत बर्फाचा पापुद्रा घेऊनच निघाला. मग टोक थोडे वर, हँगर खाली, असा सुमारे 10 ते 15 अंशांचा कल दिला. या वेळी भार आट्यांवर आला आणि आलेख आधीच्या रेषेच्या बराच वर जाऊन मगच कोसळला. 1990च्या दशकात ख्रिस हार्मस्टन या अमेरिकन अभियंत्याच्या चाचण्यांतही घट्ट बर्फात हाच कल सरस ठरला होता, तरी काकांना पटले ते डोळ्यांनी पाहिल्यावरच. आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

मात्र आट्यांचा हा आधार बर्फ घट्ट असेपर्यंतच टिकतो. उन्हात धातू तापून भोवतालचा बर्फ वितळला, तर आटे मोकळे होतात. शिवाय मशीन सावकाश ओढते, तर पडणाऱ्या माणसाचा झटका क्षणार्धात बसतो. मंडळींना प्रमाणपत्र हवे होते. मी आलेख दिले आणि प्रत्येकावर “कारखान्यातील लादी, संथ ओढ” असे लिहून सही केली.