संहिता उशाशी, गॅझेटियर पायथ्याशी

तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या काळातलं नाटक स्पर्धेसाठी घेतलं, तर अभ्यास कुठून सुरू करायचा?

संहितेपासून. लोक आधी वाचनालय गाठतात, आठवडाभर टिपणं काढतात, आणि त्यातलं काहीच रंगमंचावर येत नाही. पेन्सिल घ्या. पहिल्या वाचनात प्रत्येक नाणं, वस्तू, सण, खाणं, शिवी अधोरेखित करा. दुसऱ्यात, त्या वेळी सगळ्यांना ठाऊक होतं म्हणून लेखकानं जे सांगितलंच नाही ते शोधा. अवघड काम हेच.

समजा, नाटक १९३०च्या मे महिन्यातल्या सोलापूरचं आहे. १२ मेला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल लागला, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मेअखेरीस, म्हणजे मार्शल लॉ चालू असतानाच मोहरम लागला, हे तारखेशेजारी पंचांग ठेवल्याशिवाय कळत नाही. सोलापूरचे चार हुतात्मे, धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा आणि शिंदे, यांना येरवड्यात फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ला. संक्रांत तोंडावर, इकडे सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याचे, म्हणजे यात्रेचे दिवस. त्या प्रवेशात बाहेर कसले आवाज हवेत, हे इथून ठरतं. संहितेत शक असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा. पौष ते फाल्गुनात बहुधा ७९.

चुका मोठ्या तारखांत होत नाहीत, सुट्या पैशांत होतात. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ला. तेव्हा ‘दहा पैसे दे’ नको, ‘अडीच आणे’ म्हणा. गिरणी कामगाराच्या तोंडी आठ तासांची पाळीही नको. त्या वेळचा कायदा दिवसाला अकरा, आठवड्याला साठ तासांपर्यंत राबवून घेऊ देत होता. रात्री घरी आलेला माणूस कसा बसेल, हे नटाला या आकड्यातून सापडतं. टोपीची शिवण पाहून नाही.

भाषेचं म्हणाल तर सगळ्यांना पुणेरी बोलायला लावू नका. पद्मशाली विणकराच्या घरात तेलुगू, शेजारी कन्नड, पलीकडे दखनी उर्दू. मराठी वाक्याला त्या घरची लय द्या, टिंगल मात्र नको.

आता वाचनालय. १८८४चं जिल्हा गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारनं काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, घरं, खाणं, कपडे यांसाठी उत्तम, पण ते अंमलदाराच्या नजरेचं आणि १९३०च्या आधी सेहेचाळीस वर्षांचं. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांची चौकशी करा. मुंबईच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहात, इंग्रजी सूची चाळताना ‘शोलापूर’ या स्पेलिंगनं शोधा, नाहीतर हात हलवत परताल. एप्रिल १९३०च्या, छापण्यावर बंधनं घालणाऱ्या प्रेस वटहुकुमानंतरची वर्तमानपत्रं जपून वाचा. छापून आलं नाही, म्हणजे घडलं नाही, असं नव्हे.

नाटक लिहिलं कधी, हेही बघाच. १९३०वरचं नाटक १९७६ साली लिहिलेलं असेल, तर त्यातल्या संचारबंदीत आणीबाणीही असू शकते.

तालमीआधी तीन आठवडे पुरे. मग प्रत्येक नटाला अर्धं पान द्या: त्याची मजुरी, त्याचं जेवण, त्याच्या घरची भाषा आणि त्याला कुणाची भीती वाटते ते. बाकीची फाईल दिग्दर्शकाकडेच राहू दे.