पहाटे तीन सत्तेचाळीसची खेप

१ जानेवारीला सकाळी साडेसातला फोन वाजला. मी बेळगावात टिळकवाडीत घरी चहा टाकत होते. कारखान्याच्या शेतकी ऑफिसमधला माणूस होता. "मॅडम, काट्यापाशी माणसं जमल्यात. काटा मारला म्हणतात. तुमच्या मेसेजवरनं चाललंय सगळं. येताय का?"

काटा मारला. ऊसपट्ट्यात याहून वाईट आरोप नाही. चहा तसाच ठेवून निघाले. हायवेनं हत्तरगी, संकेश्वर करत जाईपर्यंत डोक्यात एकच, आमच्या मेसेजमधलं वजन चुकलं असेल तर कुठं?

आमचं काम तसं मर्यादित. काट्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्यांचं, त्याचा डेटा क्लाउडवर पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये. आम्हाला तिथं फक्त वाचायची परवानगी. आमचा नोड जेएसमधला (जावास्क्रिप्टमधला) प्रोग्राम पंधरवडा संपला की एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, चालवतो, उत्पादकवार आणि दिवसवार खेपा, निव्वळ वजन काढतो आणि शेतकऱ्याच्या फोनवर मराठीत किंवा कन्नडमध्ये पाठवतो. दुसऱ्या पंधरवड्याचे मेसेज त्याच दिवशी सकाळी सहाला गेले होते.

काटाघरापाशी पोचले तर पुढं एक साठीचे गृहस्थ. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. त्यांनी खिशातनं रबर लावलेल्या पावत्या काढल्या. "पाच खेपा माझ्या. तुमचा मेसेज चार म्हणतोय. वजनाचं राहू दे ओ ताई, माझी खेप कुठं गेली तेवढं सांगा."

हातात दिलेली वरची पावती घामानं मऊ पडलेली, कडेला उसाच्या रसाचा डाग. दिनांक १६ डिसेंबर, वेळ ०३:४७, निव्वळ वजन १७.६४० टन. गाडी १५ तारखेला संध्याकाळीच भरून आलेली, रात्रभर यार्डात नंबर लावून उभी, पहाटे काट्यावर चढली. बाकीच्या चार पावत्या दिवसाच्या होत्या. भोवतीच्या लोकांनीही आपापल्या पावत्या पुढं केल्या. १६ तारखेच्या, रात्री बारानंतरच्या, उजाडायच्या आधीच्या.

तिथंच पोटात गोळा आला. साडेपाच तास.

पोस्टग्रेसमध्ये काट्याची वेळ टाइम झोनसकट ठेवण्याच्या प्रकारात होती. नाव तसं असलं तरी त्यात झोन साठत नाही. वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत जाते, आणि तिची तारीख काढायला सांगितली की त्या घडीला जोडणीचा जो झोन असेल त्या हिशोबानं तारीख निघते. क्लाउडवरची आमची जोडणी यूटीसीवर होती. १६ तारखेचे पहाटेचे ०३:४७ म्हणजे यूटीसीत १५ तारखेचे रात्रीचे २२:१७. तात्यांची खेप मागच्या पंधरवड्यात जाऊन बसली होती.

कारखाना चोवीस तास चालतो. त्यातले साडेपाच तास म्हणजे जवळपास पाव भाग, आणि त्या वेळेतली प्रत्येक खेप आम्ही एक दिवस मागं ढकलत होतो. हे आधी कळलं नाही, कारण चाचण्या आम्ही दिवसाच्या खेपांवर घेतल्या आणि ताळा घेतला तो एकूण टनांचा. तो जुळतच होता. टन हरवत नव्हते, दिवस हलत होता. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. म्हणजे तारीखही पैशाचाच भाग. हे मला माहीत होतं, आणि तरी मी ती तपासली नव्हती.

काट्यावरच्या कन्नड ऑपरेटरला सांगितलं तेव्हा तो जमलेल्यांकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "तूक सरी ऐति, तारीख तप्पु ऐति." वजन बरोबर, तारीख चुकलीय. आवाज जरा खाली आला.

काटाघरातल्या बाकावर लॅपटॉप उघडला. एसक्यूएलमध्ये तारीख काढायच्या आधी वेळ 'एशिया/कोलकाता' झोनमध्ये वळवली. चालवलं, आणि आता दुपारच्या खेपासुद्धा एक दिवस मागं! पाच मिनिटं काही सुचलं नाही. मग लक्षात आलं, एसक्यूएल बरोबरच होतं. नोडमधली पोस्टग्रेसशी बोलणारी पीजी लायब्ररी तारखेच्या रकान्याचं जावास्क्रिप्टच्या डेटमध्ये (तारीख आणि वेळ एकत्र) रूपांतर करते, ते स्थानिक मध्यरात्र धरून. माझा लॅपटॉप भारतीय वेळेवर, त्यामुळं ती यूटीसीत छापली की आदल्या दिवसाचे साडेसहा, संध्याकाळचे. आमचा सर्व्हर यूटीसीवर असल्यानं हे तिथं कधी दिसलं नव्हतं, आणि लॅपटॉपवर मी आजवर फक्त बेरजा बघत आले होते. पोस्टग्रेसमध्ये तारखेच्या प्रकाराचा क्रमांक १०८२, त्याला 'जशी येते तशी मजकूर म्हणून दे' असं सांगितलं आणि तारखा जागेवर आल्या.

वास्तविक याच लायब्ररीनं पहिल्या आठवड्यात इशारा दिला होता. न्यूमेरिक प्रकारातले, दशांशाचे आकडे ती मजकूर म्हणूनच देते, म्हणून १७.६४० आणि १८.२०५ यांची बेरीज '१७.६४०१८.२०५' अशी चिकटून आली होती. तेव्हापासून बेरीज एसक्यूएलमध्येच करायची हे ठरलं. तारखेची एवढी काळजी घ्यायला हवी होती.

तात्यांचा उत्पादक क्रमांक टाकून पाच ओळी काढल्या. त्यांनी एकेक पावती स्क्रीनशेजारी धरली, बोट ठेवत जुळवली. मग मुलाच्या फोनमध्ये मागच्या पंधरवड्याचा मेसेज शोधला. कुणी उघडलाच नव्हता. त्यात एक खेप, १७.६४० टन.

"म्हणजे गेली नव्हती," तात्या म्हणाले. "आणि ह्या बाकीच्यांचं?"

हंगामाच्या पहिल्या दिवसापासूनचे सगळे हिशोब नव्यानं काढले. दोन्ही भाषांत दुरुस्तीचे मेसेज जायला दुपारचे चार वाजले. तात्या तोवर यार्डात बसून होते. मेसेज आला तसा त्यांनी मुलाला तो मोठ्यानं वाचायला लावला. दोनदा.