दगडी तुकड्यांतल्या मुली

सिसिलीतील पियात्सा आर्मेरीनाजवळच्या रोमन प्रासादात, चौथ्या शतकातील त्या प्रसिद्ध, रंगीत दगडी तुकड्यांनी चित्रे जडवलेल्या (मोझेक) फरशीसमोर, आज बराच वेळ उभी राहिले. छातीवर घट्ट गुंडाळलेली पट्टी, म्हणजे स्ट्रोफियम, आणि कमरेला लंगोटासारखे वस्त्र, एवढ्याच वेशात धावणाऱ्या, थाळी फेकणाऱ्या, चेंडू खेळणाऱ्या या मुलींना सर्रास ‘बिकिनीवाल्या’ म्हटले जाते, ते मला खटकते. हा पोहण्याचा नव्हे, व्यायामाचा वेश आहे, आणि विजेतीच्या हाती खजुरीची फांदीही आहे. एरवी स्त्रिया अशी पट्टी अंगरख्याच्या आत बांधत. लंडनमधील एका रोमनकालीन विहिरीत १९५३ साली सापडलेली, दोन्ही कुशींवर वादीने बांधायची, सडपातळ मुलीच्या मापाची चामड्याची चड्डीही मला तिथे आठवली. ती तर कुणीतरी खरोखर नेसलेली होती.