स्वतःचंच रक्त, स्वतःच्याच डोक्यात

केस विरळ होतायत म्हणून आज कॉलेज रोडला जाऊन पीआरपीचं (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, केसांसाठीची ट्रीटमेंट) पहिलं सेशन करून आलो एकदाचं. हातातून थोडं रक्त काढलं, मशीनमध्ये गरागरा फिरवलं, लाल पेशी खाली बसल्या आणि वर पिवळसर पाणी राहिलं, तोच प्लाझ्मा, त्यात प्लेटलेट्स, आणि त्यातले ग्रोथ फॅक्टर म्हणे झोपलेल्या मुळांना जागं करतात. मग तेच डोक्यात टोचायचं. क्रीम लावून बधिर केलं होतं तरी कपाळाजवळ असलं दुखलं ना की डोळ्यात टचकन पाणी, मोजत होतो, चाळीसनंतर नाद सोडला.

डॉक्टर सरळ बोलल्या ते आवडलं. जिथे पूर्ण टक्कल तिथे काही उगवणार नाही, जे बारीक झालेत ते जाड होतील, तेही सगळ्यांना सारखं नाही. महिन्याला एक असे ३-४ सेशन, फरक कळायला ४-६ महिने. तोपर्यंत खिशाला टक्कल पडतंय ते वेगळंच 😅

आज डोकं धुवायचं नाही, पेनकिलर विचारल्याशिवाय नाही. गंगापूर रोडच्या धुळीतून हेल्मेट न घालता कसं यायचं, रिक्षाच केली शेवटी. घरी आई म्हणे, "एवढं रक्त काढायचंच होतं तर दान तरी करायचं होतंस, पुण्य लागलं असतं."