एकतर्फी आहे का, असं विचारलंत म्हणून

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसे तुम्ही एकटे नाही. राजकीय माहितीपट संपतो, दिवे लागतात आणि पहिला हात वर होतो तो बहुतेक वेळा याच प्रश्नासाठी: "फिल्म चांगली आहे हो, पण एकतर्फी नाही का?"

मी माहितीपटांचं संकलन करते. शंभर तासांच्या रशेसमधून, म्हणजे कच्च्या चित्रीकरणातून, दीड तास उरवणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे हा प्रश्न आला की माझं ठरलेलं उत्तर असायचं: साडेअठ्ठ्याण्णव तास फेकून दिल्यावर जे उरतं, ते कुणाच्या तरी नजरेतूनच उरलेलं असणार. लोक हसायचे, पुढचा प्रश्न यायचा. पण ही पळवाट होती. असं म्हटलं की सगळ्याच फिल्मा सारख्या होतात. चांगली आणि लबाड यांत फरक कसा करायचा ते राहूनच जातं. म्हणून या वेळी एकच फिल्म घेऊन नीट सांगते.

ब्राझीलच्या पेट्रा कोस्टा यांची २०१९ची फिल्म. इंग्रजीत तिचं नाव 'द एज ऑफ डेमोक्रसी', म्हणजे लोकशाही कड्याच्या टोकावर. मूळ पोर्तुगीज नावात मात्र कडा नाहीच, तिथे आहे 'व्हर्टिगो'. लोकशाहीला आलेली भोवळ. मला मूळ नाव जास्त खरं वाटतं, कारण फिल्मची चालच तशी आहे: जमीन तीच, माणसं तीच, इमारती त्याच, आणि तरी सगळं फिरतंय.

गोष्ट थोडक्यात अशी. १९६४ ते १९८५ ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती. कामगार नेते लुला तीनदा हरून २००२मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, मग २०१०मध्ये त्यांच्याच पक्षाच्या दिल्मा रूसेफ निवडून आल्या. २०१४मध्ये 'लावा जातो' हा भ्रष्टाचाराचा महातपास सुरू झाला. २०१६मध्ये महाभियोगाने दिल्मा गेल्या, २०१८मध्ये लुला तुरुंगात गेले आणि त्याच वर्षी लष्करी राजवटीचे गोडवे गाणारे बोल्सोनारो निवडून आले. रणगाडा कुठेच नाही. प्रत्येक पायरीवर मतदान आहे, सही आहे, निकालपत्र आहे. संकलकासाठी ही मोठी अडचण असते. रणगाडा असला की काम सोपं, एक शॉट आणि झालं. इथे लोकशाही ढासळतेय ते कागदोपत्री. कागद पडद्यावर दाखवायचा कसा?

कोस्टा यांनी काढलेली वाट म्हणजे 'मी'. त्यांचा जन्म १९८३चा, म्हणजे देशाची लोकशाही आणि त्या जवळपास एकाच वयाच्या. आईवडील राजवटीविरुद्ध लढलेले डावे कार्यकर्ते. पेद्रो पोमार नावाचा कम्युनिस्ट नेता १९७६मध्ये साओ पाउलोतल्या एका घरात गोळ्या घालून मारला गेला, त्याच्या नावावरून मुलीचं नाव पेट्रा. आणि दुसऱ्या बाजूला आजोबा, देशातल्या एका मोठ्या बांधकाम कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. हीच कंपनी पुढे 'लावा जातो'च्या तपासात अडकली. हे सगळं त्या स्वतःच, हळू, जवळजवळ कुजबुजत्या आवाजात सांगतात.

आमच्या धंद्यात निवेदन हे बऱ्याचदा ठिगळ असतं. दोन दृश्यं जोडत नाहीत, टाका एक वाक्य. इथे ते ठिगळ नाही. मी कोण, माझं घर कुणाच्या पैशावर उभं, माझं मन कुणाकडे, हे बाईंनी आधीच मांडून ठेवलंय. त्यानंतर "ही एकतर्फी आहे" हा आरोप उरतच नाही, कारण ते त्यांनी स्वतःच कबूल केलंय. प्रेक्षकाने किती टक्के वजा करायचे ते त्याचं त्याने ठरवावं.

आता १७ एप्रिल २०१६चा रविवार बघा. कनिष्ठ सभागृहात महाभियोगावर मतदान. ५१३ सदस्य, ३४२ मतं हवीत, पडली ३६७. एकेक खासदार माइकपाशी येतो आणि तासन्‌तास हे टीव्हीवर थेट चालू आहे. आरोप काय होता? मुख्य आरोप असा की सरकारने सरकारी बँकांचे पैसे उशिरा चुकते करून अर्थसंकल्पाचा ताळेबंद गोंडस दाखवला. तिकडे त्याला 'पेडल मारणं' म्हणतात. पण माइकपाशी आलेल्यांपैकी त्याचं नाव घेणारे फार थोडे. कुणी देवासाठी मत देतो, कुणी बायकोसाठी, कुणी नातवंडांसाठी. मागे खांद्याला खांदा लावून घोषणा, झेंडे, फोन उंच धरलेले हात. सभापती एदुआर्दो कुन्या वर बसून सगळं चालवतोय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो स्वतः भ्रष्टाचाराच्या प्रकरणात अटकेत गेला. आणि मग बोल्सोनारो येतात, आपलं मत अर्पण करतात कर्नल उस्त्राला. उस्त्रा म्हणजे लष्करी राजवटीतल्या छळकेंद्राचा प्रमुख. दिल्मा यांचा १९७०च्या अटकेनंतर छळ झाला होता, हे सभागृहात सगळ्यांना माहीत होतं.

असं फुटेज हातात आलं की संकलकाने हात आवरायचा असतो. ते सगळ्या देशाने पाहिलेलं आहे, त्यात लपवाछपवी काही नाही. करायचं एवढंच, की ते पुरेसा वेळ चालू द्यायचं. बातमीत त्याचे आठ सेकंद येतात आणि ते विनोदी वाटतात. इथे एकामागून एक माणसं येत राहतात, आणि हसू कधी थांबलं ते आपल्याला कळत नाही.

बाहेर राजधानी ब्राझिलियात, मंत्रालयांच्या मधल्या त्या लांबलचक हिरवळीवर, सुमारे एक किलोमीटर लांबीचं पत्र्याचं कुंपण उभं केलं होतं. एका बाजूला लाल कपडे, दिल्मा यांचे समर्थक; दुसरीकडे हिरवे-पिवळे, महाभियोग मागणारे. वरून बघताना मधली रिकामी पट्टी दिसते. मी हा शॉट किती वेळा थांबवून पाहिला असेन, सांगता येत नाही. कागद पडद्यावर कसा दाखवायचा, असं मघाशी म्हटलं ना, तर असा. निवेदन नसतं तरी चाललं असतं. खरं सांगायचं तर नसतं तर बरं झालं असतं. बाईंना इथे बोलायचा मोह आवरलेला नाही.

बोलायचा मोह पूर्ण आवरलेली फिल्मही आहे. याच महाभियोगावर मारिया आउगुस्ता रामोस यांची 'ओ प्रोसेसो', २०१८ची. निवेदन नाही, मुलाखत नाही. सिनेटच्या समित्या, वकिलांच्या खोल्या, फायलींचे ढीग. तुमच्यासारखा प्रश्न विचारणाऱ्यांना मी ही फिल्म सुचवते, आणि बघून आल्यावर त्यांचं मत हमखास असतं, की ही तटस्थ आहे. अहो, तिचा कॅमेरा बहुतांश वेळ दिल्मा यांच्या बचाव पक्षाबरोबर बसलेला आहे! 'मी' म्हटलं नाही म्हणून 'मी' जात नाही.

कोस्टा यांची फिल्म कुठे घाई करते तेही सांगते. २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं ब्राझीलची अर्थव्यवस्था दर वर्षी तीन टक्क्यांहून जास्त आकसली. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, जे रस्त्यावर पिवळे शर्ट घालून आले, ते सगळेच काही हुकूमशाहीचे चाहते नव्हते. लुला-दिल्मांच्या पक्षाच्या भ्रष्टाचाराबद्दल फिल्म बोलते, नाही असं नाही, पण लुलांच्या डोळ्यांतल्या पाण्याइतकी थांबत नाही. हे मी वजा करते.

तरीही एक गंमत आहे. निःपक्षपातीपणा सगळे मागतात तो फिल्मवालीकडे. फेब्रुवारी २०२०मध्ये फिल्म ऑस्करच्या नामांकनात होती, तेव्हा सरकारच्या जनसंपर्क खात्यानेच दिग्दर्शिकेला ब्राझीलविरोधी ठरवून टाकलं. आणि ज्याच्या नोकरीतच निःपक्षपातीपणा लिहिलेला होता, त्याचं काय? लुलांना २०१७मध्ये शिक्षा सुनावणारे न्यायाधीश सेर्जियो मोरो जानेवारी २०१९मध्ये बोल्सोनारोंचे न्यायमंत्री झाले. ९ जून २०१९ला मोरो आणि खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलांमधले खासगी संदेश बातम्यांमधून बाहेर यायला लागले, फिल्म नेटफ्लिक्सवर आली त्याच्या दहाच दिवस आधी. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लुलांच्या त्या खटल्यात मोरो पक्षपाती होते असा निर्णय दिला. तोवर लुला ५८० दिवस आत काढून आले होते. फिल्म एकतर्फी असली तर फार तर एक संध्याकाळ वाया जाते.

तुमचा प्रश्न इथे संपला असता तर किती छान झालं असतं. पण ज्या जागी मी अडते ती वेगळीच आहे.

पेद्रो पोमार मारला गेला त्या खोलीचा फोटो फिल्ममध्ये आहे. जमिनीवर मृतदेह. मूळ फोटोत त्या देहांजवळ बंदुका दिसतात. फिल्ममधल्या फोटोत त्या नाहीत. पुसल्या आहेत, आणि पुसल्याचं कुठे सांगितलेलं नाही. बोंब झाली तेव्हा कोस्टा यांनी नाकारलं नाही. त्यांचं म्हणणं, बंदुका पोलिसांनी नंतर आणून ठेवल्या असे पुरावे आहेत, मग तो बनाव मी परत का दाखवू?

बघा हं, यात केवढी गुंतागुंत आहे. म्हणजे मूळ फोटो अस्सल, पण त्यातली मांडणी बहुधा खोटी. आणि फिल्ममधला फोटो फेरफार केलेला, पण कदाचित घडलं त्याच्या जास्त जवळचा. माणूस म्हणून मला कोस्टा यांचं पटतं. ज्याचं नाव आपल्याला लावलंय त्याच्याशेजारची ती बंदूक बघवली नसणार. संकलक म्हणून पटत नाही. फोटोखाली दोन ओळींची पाटी टाकली असती, की ही शस्त्रं नंतर ठेवल्याचे पुरावे आहेत, तर तीन सेकंदांत पोलिसांची लबाडी अधिक ठळक झाली असती. बाजू उघड सांगणाऱ्या फिल्मने हात मात्र इथे लपवला, आणि विरोधकांना आयतं कोलीत मिळालं.

हे मी ताठ मानेने सांगू शकत नाही. काही वर्षांपूर्वी एका छोट्या फिल्मसाठी मी एका सभेचा प्रसंग कापत होते. वक्ता चांगला बोलला होता, लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या, पण नेमक्या त्या वेळी माइकची वायर सैल झालेली. आवाजाच्या जागी नुसती खरखर. मग अर्ध्या तासापूर्वीच्या दुसऱ्याच भाषणाच्या टाळ्या उचलून मी तिथे लावल्या. नऊ सेकंद. टाळ्या खऱ्या, लोक तेच, मैदान तेच. कुणालाच कळलं नाही. कमी-जास्त तेवढ्याच वाजल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं. पण किती वाजल्या होत्या ते आता मलाही ऐकू येत नाही. ती फिल्म आठवायला गेलं की माझ्या कानात त्या लावलेल्या टाळ्याच वाजतात.