नळीमागच्या रेघा

माझी भाची अकरा महिन्यांची असताना तिच्या हातापायांची बोटे सुजली आणि ती रात्र रात्र रडू लागली. आमच्या वस्तीतील डॉक्टरांनी वाताचे दुखणे म्हणून औषध दिले, आणि पुढे दर हिवाळ्यात तेच दुखणे व तेच औषध असे चालू राहिले. ती सात वर्षांची झाली तेव्हा कुठे तिचे रक्त तपासले गेले आणि सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, हा शब्द आमच्या घरात आला. हा आजार बराच आढळणाऱ्या विदर्भात, तेही नागपुरात राहून, एवढी साधी तपासणी कोणाला सुचायला सहा वर्षे लागावीत, याचे मला आजही वाईट वाटते.

ती तपासणी मी जवळून पाहिली. द्रावणाच्या नळीत रक्ताचा लहानसा थेंब मिसळतात आणि काही मिनिटांनी ती नळी काळ्या रेघा आखलेल्या कागदापुढे धरतात. रक्तात दोष नसेल तर द्रावणातून रेघा स्पष्ट वाचता येतात. भाचीच्या नळीमागच्या रेघा गढूळ द्रावणात नाहीशा झाल्या. मात्र एवढ्यावरून वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेला) कोण आणि रुग्ण (दोघांकडून दोष आलेला) कोण हे कळत नाही. त्यासाठी रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करावी लागते. त्यात भाची ‘एसएस’ म्हणजे रुग्ण निघाली, तिचे आईवडील दोघेही ‘एएस’ म्हणजे वाहक निघाले, आणि मग तपासून घेतल्यावर मीही ‘एएस’ निघालो.

विळ्यासारख्या वाकलेल्या या रक्तपेशींचे वर्णन शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये प्रसिद्ध केले. दोष ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या रेणूतच आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवले. पुढे व्हर्नन इन्ग्राम यांनी तो नेमका कुठे आहे तेही शोधले : त्या रेणूच्या बीटा नावाच्या साखळीतील 146 अमिनो आम्लांपैकी (प्रथिनाच्या घटकांपैकी) सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. इतक्याशा फरकामुळे ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात, पेशी ताठर होऊन वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही मात्र 10 ते 20 दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही. हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून का राहिला, याचे उत्तर 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी दिले : वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते.

भाची आता वेदनांचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध घेते. नागपूरच्या वैशाखात शरीरातील पाणी कमी झाले की दुखणे उसळते, म्हणून वर्गातही पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची परवानगी तिच्या आईने शाळेकडून मागून घेतली आहे.

‘एएस’ म्हणजे आजार नव्हे. मात्र दोन वाहकांचे लग्न झाल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’ असण्याची शक्यता 25 टक्के असते. असे असूनही स्थळ मोडेल या भीतीने घरोघरी अहवाल लपवले जातात. मी माझा अहवाल बायोडाट्यालाच जोडला. दोन स्थळांकडून पुन्हा निरोप आला नाही. तिसऱ्या घरच्या मुलीने स्वतः फोन करून ‘एएस’चा अर्थ विचारला, आणि चार दिवसांनी तिने आपला अहवाल मला पाठवला.